ठाऊक असून लढलेलं युद्ध

२७ मे १९६४ ही तारीख भारतीयांच्या लक्षात आहे ती पंडित नेहरू गेले म्हणून. त्याच दिवशी, दिल्लीत रात्र झालेली असताना, वॉशिंग्टनमध्ये सकाळी अकराच्या सुमाराला राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी सिनेटर रिचर्ड रसेल यांना फोन लावला. रसेल हे सिनेटच्या सेनादलविषयक समितीचे अध्यक्ष आणि जॉन्सन यांचे राजकारणातले गुरू. व्हिएतनामचं काय करायचं, एवढाच प्रश्न होता. रसेल यांनी आडपडदा ठेवला नाही. आजवर पाहिलेल्या भानगडींतली ही सगळ्यांत वाईट, त्यात शिरलो तर कोरियापेक्षा मोठं लचांड गळ्यात पडेल, आणि क्षेपणास्त्रांच्या या जमान्यात त्या देशाला लष्करी महत्त्वही उरलेलं नाही, असं त्यांनी सांगून टाकलं. जॉन्सन वाद घालत बसले नाहीत. उलट आपल्या घरी कामाला असलेल्या एका सार्जंटची गोष्ट त्यांनी काढली. त्याला सहा मुलं होती. सैन्य पाठवायचा विचार मनात आला की हा सार्जंटच डोळ्यांपुढे येतो, त्याला तिकडे धाडून आपल्या पदरात काय पडणार, असं वाटतं आणि अंगावर काटा येतो, असं ते म्हणाले. त्यांची खरी धास्ती मात्र वेगळीच होती. पाय मागे घेणाऱ्या राष्ट्राध्यक्षावर लोक महाभियोग चालवतील, नाही का, असं त्यांनी रसेलना विचारलं.

त्यानंतर थोड्याच वेळात त्यांनी सुरक्षा सल्लागार मॅकजॉर्ज बंडी यांना फोन केला. व्हिएतनाम लढण्याच्या लायकीचं आहे असं मला वाटत नाही आणि आपल्याला बाहेर पडता येईल असंही वाटत नाही, असं त्यांनी बंडींना सांगितलं.

त्या दिवशी व्हिएतनाममध्ये अमेरिकेचे सुमारे १६,००० लष्करी सल्लागार होते. पाच वर्षांत हा आकडा ५,४३,०००वर गेला. युद्ध संपलं तेव्हा ५८,०००हून जास्त अमेरिकन मेले होते. व्हिएतनामी सरकारने १९९५मध्ये जाहीर केलेल्या अंदाजानुसार २० लाख नागरिक आणि कम्युनिस्ट बाजूचे ११ लाख सैनिक दगावले होते.

जॉन्सन आपले फोन गुपचूप ध्वनिमुद्रित करून ठेवत. त्या फिती १९९०च्या दशकात खुल्या झाल्या. अमेरिका अज्ञानापोटी दलदलीत शिरली आणि पावलागणिक रुतत गेली, अशी एक समजूत तोवर पक्की झाली होती. अज्ञान होतंच. ना त्या देशाची भाषा ठाऊक, ना इतिहास. पण युद्ध जिंकता येईल की नाही, याबद्दल निर्णय घेणाऱ्यांना फारसा भ्रम नव्हता. फिती, टिपणं आणि बैठकांची इतिवृत्तं वाचली की हेच पुन्हापुन्हा समोर येतं. त्यांना ठाऊक होतं, आणि ठाऊक असलेलं बोलणं परवडत नव्हतं.

वारशाने आलेलं भिजत घोंगडं

२ सप्टेंबर १९४५ रोजी हनोईच्या बा दिन्ह चौकात हो ची मिन्ह यांनी स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचला. त्याची सुरुवात अमेरिकेच्या जाहीरनाम्यातल्या शब्दांनी केली होती. त्यामागे हिशोब होता. जपान्यांविरुद्धच्या लढाईत अमेरिकी गुप्तचर पथकाने त्यांच्या गनिमांना शिकवलं होतं, शस्त्रं दिली होती. ट्रूमन यांना त्यांनी मदतीसाठी पत्रं लिहिली. उत्तर आलं नाही. युरोपात फ्रान्सला सांभाळायचं होतं आणि फ्रान्सला आपली वसाहत परत हवी होती.

१९४९मध्ये चीन कम्युनिस्टांच्या हाती गेला, १९५०मध्ये कोरियात युद्ध पेटलं. चीन कुणी घालवला, या प्रश्नावरून रिपब्लिकनांनी ट्रूमन यांच्या डेमोक्रॅटिक पक्षाला सोलून काढलं. जॉन्सन तेव्हा सिनेटमध्ये होते आणि ते दृश्य ते कधीही विसरले नाहीत. १९५४पर्यंत फ्रान्सच्या व्हिएतनाम युद्धाचा जवळजवळ ८० टक्के खर्च अमेरिका उचलत होती. ७ मे १९५४ला दिएन बिएन फूचा तळ पडला आणि फ्रेंच निघाले. जिनिव्हा करारात सतराव्या अक्षांशावर तात्पुरती रेघ ओढली गेली आणि १९५६मध्ये देशभर निवडणूक घ्यायची असं ठरलं. देखरेखीसाठी नेमलेल्या आंतरराष्ट्रीय आयोगाचं अध्यक्षपद भारताकडे होतं. कॅनडा आणि पोलंड हे बाकीचे दोन सदस्य. निवडणूक झालीच नाही. ती हो ची मिन्ह जिंकतील, याबद्दल आयसेनहॉवर यांनाही शंका नव्हती.

कम्युनिस्टांविषयीची भीती निराधार होती असं मात्र म्हणता येत नाही. उत्तरेत जमीन सुधारणांच्या नावाखाली हजारो माणसं मारली गेली आणि आठ-दहा लाख लोक दक्षिणेत पळून आले. पण अमेरिकेने दक्षिणेत ज्यांना उभं केलं, त्या न्गो दिन्ह दिएम यांच्या पायाखाली जमीनच नव्हती. बहुसंख्य बौद्ध प्रजेवर कॅथलिक कुटुंबाचा अंमल होता. ११ जून १९६३ रोजी साइगॉनच्या भर चौकात थिच क्वांग दुक या भिक्षूने पद्मासनात बसून स्वतःला पेटवून घेतलं. ते छायाचित्र जगभर छापून आलं. १ नोव्हेंबरला दिएम यांच्याच सेनापतींनी अमेरिकेच्या मूक संमतीने उठाव केला आणि दुसऱ्या दिवशी दिएम मारले गेले. तीन आठवड्यांनी डॅलसमध्ये केनेडींचा खून झाला आणि हे भिजत घोंगडं जॉन्सन यांच्या गळ्यात आलं.

टॉन्किनच्या आखातातली रात्र

२ ऑगस्ट १९६४ रोजी उत्तर व्हिएतनामच्या टॉर्पेडो बोटींनी 'मॅडॉक्स' या अमेरिकी विनाशिकेवर हल्ला केला. हे खरंच घडलं होतं. अमेरिकेच्या आखणीनुसार दक्षिण व्हिएतनामी बोटी त्याच किनाऱ्यावर छापे घालत होत्या, हेही खरं होतं. ते मात्र लोकांना सांगितलं गेलं नाही.

दोन दिवसांनी, ४ ऑगस्टच्या काळोख्या, वादळी रात्री 'मॅडॉक्स' आणि 'टर्नर जॉय' या दोन विनाशिका बराच वेळ समुद्रात गोळाबार करत राहिल्या. ध्वनिलहरी टिपणारे खलाशी एकामागून एक टॉर्पेडो येत असल्याचं सांगत होते. वर घिरट्या घालणाऱ्या वैमानिकांपैकी जेम्स स्टॉकडेल यांना पाण्यावर शत्रूची एकही बोट दिसली नाही. काही तासांतच पथकप्रमुख कॅप्टन जॉन हेरिक यांनी तार केली. हवामानाचा रडारवर झालेला परिणाम आणि खलाशांचा अतिउत्साह यांमुळे बरेचसे अहवाल संशयास्पद वाटतात, पुढचं पाऊल उचलण्याआधी पूर्ण पडताळणी करावी, असं त्यांनी कळवलं. वॉशिंग्टनने पूर्ण पडताळणीची वाट पाहिली नाही. रात्री साडेअकराच्या पुढे जॉन्सन टीव्हीवर आले आणि प्रतिहल्ल्याची घोषणा करून मोकळे झाले. दुसरा हल्ला झालाच नव्हता, हे अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेच्या स्वतःच्याच अभ्यासात आलं. तो २००५मध्ये खुला झाला.

७ ऑगस्टला काँग्रेसने ठराव करून राष्ट्राध्यक्षांना आवश्यक वाटेल ते सगळं करायची मुभा दिली. प्रतिनिधिगृहात ४१६ विरुद्ध शून्य, सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २. ती दोन मतं ओरेगनचे वेन मॉर्स आणि अलास्काचे अर्नेस्ट ग्रुएनिंग यांची. त्या विनाशिका आणि किनाऱ्यावरचे छापे यांचा संबंध आहे, अशी कुणकुण मॉर्स यांना पेंटागॉनमधूनच कुणीतरी दिली होती. त्यांनी सभागृहात आवाज उठवला. ऐकणाऱ्या बाकांवर माणसं फारशी नव्हती.

तीन महिन्यांनी निवडणूक होती. आशियातल्या मुलांनी लढायचं युद्ध लढायला आम्ही अमेरिकन मुलं नऊ-दहा हजार मैलांवर पाठवणार नाही, असं जॉन्सन सभांमधून सांगत होते. त्यांना ६१ टक्के मतं पडली.

सत्तर, वीस, दहा

फेब्रुवारी १९६५मध्ये प्लेइकूच्या तळावर हल्ला झाला. २ मार्चला उत्तर व्हिएतनामवर सलग बॉम्बफेक सुरू झाली. ८ मार्चला दा नांगच्या किनाऱ्यावर ३,५०० मरीन सैनिक उतरले. स्वागताला मुली फुलांचे हार घेऊन उभ्या होत्या. मरीन आले ते विमानतळाच्या राखणीसाठी, असं सांगण्यात आलं.

त्याच महिन्यात, २४ मार्चला, संरक्षण खात्यातले सहायक सचिव जॉन मॅकनॉटन यांनी संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅकनामारा यांच्यासाठी एक टिपण लिहिलं. अमेरिका व्हिएतनाममध्ये कशासाठी आहे, याची त्यांनी टक्केवारीच मांडली होती. मानहानीकारक पराभव टाळण्यासाठी ७० टक्के, तो प्रदेश चीनच्या हाती पडू नये म्हणून २० टक्के, आणि दक्षिण व्हिएतनामच्या लोकांना अधिक चांगलं, अधिक मोकळं जगणं मिळावं म्हणून १० टक्के. भाषणांमध्ये नेमका तो शेवटचा दहा टक्क्यांचा भाग यायचा.

विरोध करणारे घरातच होते. उपराष्ट्राध्यक्ष ह्यूबर्ट हम्फ्री यांनी फेब्रुवारीच्या मध्याला जॉन्सन यांना एक लांबलचक टिपण पाठवलं. मुद्दा रोकडा राजकीय होता. एवढ्या मोठ्या विजयानंतर, विरोधक गारद झालेले असताना, बाहेर पडण्यात सगळ्यांत कमी धोका याच वर्षी आहे, असं त्यांनी लिहिलं. जॉन्सन यांनी त्यांना व्हिएतनामच्या बैठकांना बोलावणंच बंद केलं. वर्षभर हम्फ्री खड्यासारखे बाजूला पडून होते. १९६६मध्ये ते व्हिएतनामचा दौरा करून आले आणि युद्धाचे खंदे पुरस्कर्ते बनले. त्यानंतर बैठकांचं दार पुन्हा उघडलं.

परराष्ट्र खात्यातले जॉर्ज बॉल यांची तऱ्हा वेगळी होती. ऑक्टोबर १९६४पासून ते लिहीत होते. पहिलंच टिपण ६७ पानांचं होतं. एकदा आपली माणसं मोठ्या संख्येने मरू लागली की परतीची वाट बंद होईल, आणि जबर किंमत मोजूनही उद्दिष्ट साधण्यापेक्षा नामुष्की पदरी पडण्याची शक्यताच जास्त, असं त्यांनी १ जुलै १९६५ला लिहिलं. २१ जुलैच्या बैठकीत जॉन्सन यांनी त्यांना विचारलं, माघार घेतली तर अमेरिकेच्या शब्दाला किंमत राहील का? बॉल उत्तरले की जगातल्या सगळ्यांत बलाढ्य देशाला मूठभर गनिमांना हरवता येत नाही हे दिसणं, हा त्याहून मोठा फटका असेल. सगळ्यांनी ऐकून घेतलं. बॉल यांना बोलू देण्याचा एक फायदाही होता: विरोधी बाजू ऐकली असं दप्तरी लागत होतं.

निर्णय २८ जुलैला जाहीर झाला. लोक टीव्ही पाहतात ती रात्रीची वेळ टाळून जॉन्सन यांनी भर दुपारी पत्रकार परिषद घेतली. सैन्य ७५,०००वरून १,२५,०००वर नेणार आणि सक्तीच्या भरतीचा महिन्याचा आकडा १७,०००वरून ३५,०००वर जाणार, असं सांगितलं. मंजूर झालेला आकडा याहून मोठा होता. तो हळूहळू बाहेर येणार होता. त्याच परिषदेत सर्वोच्च न्यायालयावरची एक नेमणूकही जाहीर केली, म्हणजे बातमीचा भार वाटला जावा. राखीव दलं बोलावली नाहीत, युद्धासाठी कर वाढवला नाही.

ही लपवाछपवी कशासाठी, ते लगेचच्या तारखा पाहिल्या की कळतं. ३० जुलैला वृद्धांच्या आरोग्यविम्याच्या कायद्यावर जॉन्सन यांची सही झाली. ६ ऑगस्टला कृष्णवर्णीयांचा मतदानाचा हक्क पक्का करणारा कायदा झाला. अमेरिकेच्या शंभर वर्षांच्या इतिहासात असे दहा दिवस विरळा. युद्धाचा खरा आकडा बाहेर आला, तर काँग्रेस या योजनांचा गळा घोटेल. आणि व्हिएतनाम सोडलं, तर 'चीन घालवला'च्या चालीवर 'व्हिएतनाम घालवला'ची ओरड होऊन तेच होईल, असं जॉन्सन धरून चालले होते. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. म्हणून लढायचं, पण लढतोय असं म्हणायचं नाही, असा मार्ग त्यांनी काढला.

मोजदाद

मॅकनामारा आधी फोर्ड कंपनीचे अध्यक्ष होते, आकड्यांचे पंडित. नोव्हेंबर १९६५मध्ये इआ द्रांगच्या खोऱ्यात अमेरिकी आणि उत्तर व्हिएतनामी फौजा पहिल्यांदा समोरासमोर भिडल्या. चार-पाच दिवसांत दोनशेहून जास्त अमेरिकन सैनिक मेले. समोरचे कितीतरी पट जास्त मेले, म्हणून सेनापती वेस्टमोरलंड यांनी याला विजय म्हटलं. मॅकनामारा साइगॉनला जाऊन आले आणि ३० नोव्हेंबरच्या टिपणात त्यांनी लिहिलं की मागितलेलं सगळं सैन्य दिलं तरी यशाची हमी नाही. महिन्याला हजार अमेरिकन मरू शकतात आणि १९६७च्या सुरुवातीला आपण आणखी वरच्या पायरीवर, पण अनिर्णित अवस्थेतच असू, याची शक्यता निम्मी-निम्मी आहे. शिफारस मात्र आणखी सैन्य पाठवायचीच होती. हे टिपण लिहिलं गेलं तेव्हा युद्धातल्या अमेरिकी मृतांचा आकडा दोन हजारांच्या आसपास होता.

या युद्धात आघाडीची रेषा नव्हती. आज घेतलेली टेकडी उद्या सोडून द्यायची. मग प्रगती मोजायची कशी? उत्तर निघालं: मुडदे मोजून. शत्रूची जितकी माणसं मरतात तितकी नवी उभी करणं त्याला अशक्य झालं की युद्ध संपलं, असं गणित मांडलं गेलं. मग आकड्यावर बढती ठरू लागली, आणि मेलेला प्रत्येक व्हिएतनामी शत्रू ठरू लागला. १६ मार्च १९६८ला माय लाई गावात अमेरिकी लष्कराच्या चार्ली कंपनीने म्हातारे, बायका आणि मुलं मिळून शेकडो निःशस्त्र माणसं मारली. तिथल्या स्मारकावर ५०४ नावं आहेत. लष्कराच्या त्या दिवशीच्या अहवालात १२८ शत्रू ठार आणि जप्त शस्त्रं तीन, अशी नोंद आहे. १२८ माणसांकडे तीन शस्त्रं कशी, या प्रश्नापाशी न अडता ती नोंद वर सरकत गेली. उलट कंपनीला शाबासकी मिळाली. सगळा प्रकार उघड झाला तो दीड वर्षाने, पत्रकार सेमूर हर्श यांच्या बातमीतून. शिक्षा झाली ती एकट्या लेफ्टनंट विल्यम कॅली यांना, आणि जन्मठेपेची ती शिक्षा साडेतीन वर्षांच्या नजरकैदेवर आटोपली.

लढायला जाणारा मुलगा कोण, हेही वरच ठरत होतं. सक्तीच्या भरतीचा कागद गावोगावच्या स्थानिक मंडळांकडून यायचा. कॉलेजात नाव असेल तर सूट मिळे, घरच्या डॉक्टरने बरं पत्र दिलं तरी सूट मिळे. गिरणी कामगाराच्या, शेतमजुराच्या, कृष्णवर्णीय वस्तीतल्या पोराला दोन्ही दारं बंद होती. त्यात १९६६मध्ये मॅकनामारांनी परीक्षेत नापास ठरणाऱ्यांसाठीही निकष सैल केले. गरीब मुलांना हाताला काम आणि शिक्षण देण्याची योजना म्हणून ती मांडली गेली. तीन लाखांहून जास्त तरुण त्यातून सैन्यात आले आणि त्यांच्यातलं मृत्यूचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त राहिलं. मध्यमवर्गातल्या मुलांना हात लावला असता तर हे युद्ध इतकी वर्षं चाललं असतं का, याची शंकाच आहे.

देश मधोमध चिरला जात होता. ४ एप्रिल १९६७ला न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमध्ये मार्टिन ल्यूथर किंग युद्धाविरुद्ध बोलले, तेव्हा नागरी हक्क चळवळीतल्या सहकाऱ्यांनीही त्यांच्यावर टीका केली. त्याच महिन्यात मुष्टियोद्धा मुहम्मद अली यांनी सैन्यात जायला नकार दिला. त्यांचं जगज्जेतेपद काढून घेतलं गेलं. ज्या बापांनी दुसरं महायुद्ध लढलं होतं, त्यांना झेंडा जाळणारी पोरं पाहवत नव्हती. पोरांना बापांचं सरकार खोटं बोलतंय हे दिसत होतं. दोघांच्याही रागाला कारण होतं.

या युद्धाची झळ दूरवर पोचली. १९६५ आणि १९६६ या लागोपाठच्या दोन दुष्काळांत भारत पीएल-४८०च्या अमेरिकी गव्हावर तगून होता. आपल्याकडच्या रेशन दुकानांसमोर त्याच गव्हासाठी रांगा लागत. जॉन्सन यांनी वर्षाचा करार सोडून महिन्या-महिन्याच्या हिशोबाने जहाजं सोडायला सुरुवात केली. भारताने शेतीधोरण बदलावं, हे एक कारण होतं. पण जुलै १९६६मध्ये मॉस्कोच्या संयुक्त पत्रकात इंदिरा गांधींनी बॉम्बफेक थांबवण्याची मागणी केली आणि जॉन्सन संतापले. हनोईवरच्या बॉम्बचा हिशोब मुंबई बंदरात येणाऱ्या पोत्यांशी जोडला गेला होता.

मार्च १९६८

ऑगस्ट १९६७मध्ये मॅकनामारांनी सिनेटच्या उपसमितीपुढे मान्य केलं की बॉम्बफेकीने शत्रूची रसद तुटणार नाही. १ नोव्हेंबरला त्यांनी जॉन्सन यांना लिहिलं की हा मार्ग पुढे चालवणं धोक्याचं, महागडं आणि असमाधानकारक ठरेल. महिनाअखेरीला त्यांची जागतिक बँकेवर रवानगी जाहीर झाली. बाहेर पडताना ते युद्धाविषयी एक अक्षर बोलले नाहीत. त्याच सुमाराला वेस्टमोरलंड वॉशिंग्टनमध्ये भाषण देऊन शेवट दृष्टीच्या टप्प्यात आल्याचं सांगत होते.

३० आणि ३१ जानेवारी १९६८ला, चांद्र नववर्षाच्या सुटीत, कम्युनिस्टांनी एकाच वेळी शंभराहून जास्त शहरं आणि गावांवर हल्ले चढवले. १९ जणांची एक तुकडी साइगॉनमधल्या अमेरिकी वकिलातीच्या आवारात घुसली आणि सहा तास लढली. लष्करी हिशोबाने हा हल्ला फसला. हजारो गनीम कामी आले आणि शहरांतून उठाव झाला नाही. हुए शहर पंचवीस दिवस कम्युनिस्टांच्या ताब्यात राहिलं, तिथे त्यांनी दोन हजारांहून जास्त लोकांना मारून पुरलं. पण दोन महिन्यांपूर्वी 'शेवट जवळ आला' असं ऐकलेल्या अमेरिकनांनी वकिलातीच्या हिरवळीवरचे मृतदेह टीव्हीवर पाहिले.

वेस्टमोरलंड यांच्यासाठी आणखी २,०६,००० सैनिकांची मागणी आली. १ मार्चला क्लार्क क्लिफर्ड नवे संरक्षणमंत्री झाले. वॉशिंग्टनमधले मुरलेले वकील आणि तोवर युद्धाचे समर्थक. ही मागणी कशी पुरवायची एवढंच त्यांना पाहायचं होतं. त्यांनी सेनापतींना बसवलं आणि उलटतपासणी घ्यावी तसे प्रश्न विचारले. दोन लाख माणसांनी काम भागेल का? सांगता येत नाही. आणखी किती लागतील? सांगता येत नाही. शत्रूही तितकीच माणसं वाढवू शकेल का? बहुधा हो. बॉम्बफेकीने युद्ध थांबेल का? नाही. जिंकण्याची योजना काय आहे? दबाव ठेवत राहिलं तर कधीतरी शत्रू थकेल, यापलीकडे योजना नव्हती. शत्रू थकत असल्याची काही चिन्हं? नाहीत. तीन वर्षं आणि अब्जावधी डॉलर खर्चून झाल्यावर हे प्रश्न त्या खोलीत इतके सरळ पहिल्यांदाच विचारले गेले असावेत.

पुढचं भराभर घडलं. १० मार्चला दोन लाखांच्या मागणीची बातमी 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये फुटली. १२ मार्चला न्यू हॅम्पशरच्या प्राथमिक फेरीत युद्धविरोधी यूजीन मॅकार्थी यांनी ४२ टक्के मतं घेतली. १६ मार्चला, म्हणजे माय लाईच्याच दिवशी, रॉबर्ट केनेडी मैदानात उतरले. २५ आणि २६ मार्चला जॉन्सन यांनी ज्येष्ठ सल्लागारांना पुन्हा पाचारण केलं. नोव्हेंबरमध्ये याच मंडळींनी लढत राहा असं सांगितलं होतं. आता माजी परराष्ट्रमंत्री डीन अॅचेसन यांच्यापासून बंडींपर्यंत बहुतेकांनी बाहेर पडण्याचा सल्ला दिला. ३१ मार्चच्या रात्री जॉन्सन टीव्हीवर आले, उत्तर व्हिएतनामच्या बऱ्याच भागावरची बॉम्बफेक थांबवत असल्याचं म्हणाले, आणि शेवटी आपण पुन्हा निवडणूक लढवणार नाही, हे सांगून टाकलं.

कोणाला काय मिळालं

युद्ध तिथे संपायला हवं होतं. ते आणखी जवळजवळ पाच वर्षं चाललं, आणि अमेरिकेचे निम्म्याहून जास्त सैनिक त्यानंतर मेले. ऑक्टोबर १९६८च्या शेवटी पॅरिसची बोलणी मार्गी लागणार असं दिसताच, रिपब्लिकन उमेदवार रिचर्ड निक्सन यांच्या गोटातून साइगॉनला निरोप गेला: थांबा, आमच्याकडून बरं पदरात पडेल. जॉन्सन यांना हे गुप्तचरांकडून कळलं. फोनवर त्यांनी याला देशद्रोह म्हटलं. जाहीरपणे ते काही बोलले नाहीत. कळलं कसं, हे सांगावं लागलं असतं. डेमोक्रॅटिक उमेदवार हम्फ्री एक टक्क्याहून कमी फरकाने हरले. पुढे कंबोडियावर चढाई झाली, केंट स्टेट विद्यापीठात नॅशनल गार्डच्या गोळ्यांनी चार विद्यार्थी मेले, आणि २७ जानेवारी १९७३ला करारावर सह्या झाल्या. जॉन्सन त्याच्या पाच दिवस आधी वारले. ३० एप्रिल १९७५ला साइगॉन पडलं.

मॅकनामारांनी जाण्याआधी एक काम करून ठेवलं होतं. जून १९६७मध्ये त्यांनी या युद्धाचा अंतर्गत इतिहास लिहून घ्यायला सुरुवात केली. ४७ खंड, सुमारे ७,००० पानं. त्यावर काम केलेले डॅनियल एल्सबर्ग यांनी ती पानं रात्री-रात्री जागून झेरॉक्स केली आणि १३ जून १९७१ला 'न्यूयॉर्क टाइम्स'ने छापायला सुरुवात केली. ट्रूमनपासून जॉन्सनपर्यंत चार राष्ट्राध्यक्षांनी लोकांना एक सांगितलं आणि कागदावर दुसरंच लिहिलं, हे त्यात पांढऱ्यावर काळं होतं. सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी छपाई रोखायला नकार दिला. संतापलेल्या निक्सन यांनी गळती बुजवायला एक गुप्त पथक उभं केलं. त्यातलीच काही माणसं पुढे वॉटरगेट प्रकरणात सापडली.

वरच्या वर्तुळातल्या या अळीमिळी गुपचिळीचा ताळेबंद मांडला तर तो असा दिसतो. शंका गिळून टिपणं लिहीत राहिलेले मॅकनामारा तेरा वर्षं जागतिक बँकेचे अध्यक्ष राहिले. त्या नात्याने नोव्हेंबर १९६८मध्ये कोलकात्यात आले तेव्हा रस्त्यांवर इतकी निदर्शनं होती की विमानतळावरून त्यांना हेलिकॉप्टरने न्यावं लागलं. आपण चुकलो, भयंकर चुकलो, हे त्यांनी १९९५मध्ये पुस्तकात लिहिलं. बंडी फोर्ड फाउंडेशनचे अध्यक्ष झाले. बॉल गाजावाजा न करता बाहेर पडले आणि वॉल स्ट्रीटवर स्थिरावले. हम्फ्रींनी टिपण लिहून तोंड मिटलं आणि पक्षाची उमेदवारी मिळवली.

एल्सबर्ग यांच्यावर ११५ वर्षांच्या कैदेची टांगती तलवार आली. सरकारनेच गैरप्रकार केल्याचं उघड झालं म्हणून १९७३मध्ये खटला रद्द झाला. आणि टॉन्किनच्या ठरावाविरुद्ध मत देणारे ते दोघे? मॉर्स आणि ग्रुएनिंग, दोघेही १९६८मध्ये आपली जागा गमावून बसले. ग्रुएनिंग यांना पक्षांतर्गत फेरीत हरवणारे माइक ग्रॅव्हेल यांनीच तीन वर्षांनी पेंटागॉनची ती पानं सिनेटच्या एका उपसमितीत वाचून नोंदीवर आणली.

१९७३मध्ये काँग्रेसने निक्सन यांचा नकाराधिकार डावलून कायदा केला: सैन्य उतरवलं तर ४८ तासांत कळवायचं, आणि काँग्रेसची मंजुरी नसेल तर ६० दिवसांत लढाई थांबवायची. सक्तीची भरतीही त्याच वर्षी बंद झाली. पहिल्या उपायाने राष्ट्राध्यक्षाच्या हातावर थोडा लगाम आला. दुसऱ्याने युद्ध सामान्य घरांच्या उंबऱ्यापासून लांब गेलं, म्हणजे पुढच्या राष्ट्राध्यक्षाला ते लपवणं उलट सोपं झालं. ताळेबंदाला मात्र कुणी हात लावला नाही. खोलीत बसून खरं लिहिणाऱ्याला आणि खोलीबाहेर ते न बोलणाऱ्याला त्या व्यवस्थेत बढती होती, बाहेर येऊन बोलणाऱ्याची खुर्ची जात होती. ज्यांना सगळं ठाऊक होतं, त्यांना हेही ठाऊक होतं.